खोक्यातला यंत्रमानव

"मानवजातीच्या इतिहासात खऱ्या अर्थानं तीनच क्रांत्या झाल्या. पहिली अग्नीची, दुसरी चाकाची, आणि तिसरी आज साक्षात आपल्यासमोर उभी आहे. यंत्रमानवाची."

खैरनार सरांनी हे वाक्य माइकमधून सभागृहावर सोडलं तेव्हा मानवजातीची तिसरी क्रांती फ्रिजच्या खोक्यात बनियन आणि अर्ध्या चड्डीवर, गुडघे वाकवून उभी होती आणि तिच्या पाठीला खाज सुटली होती. ती क्रांती म्हणजे मी.

आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मी निवृत्त झालो, गुडघे माझ्याही आधी निवृत्त झाले. तेव्हा मी खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी, संस्थेच्या शाळेत चित्रकला शिकवत होतो. देवरे सर. मुलांना दोनच्या आकड्यापासून बदक काढायला शिकवण्यात माझी जवानी गेली होती आणि बदकांच्या संख्येत त्यामुळे काही फरक पडला नव्हता.

खैरनार सर विज्ञानाचे. त्यांच्या मेव्हण्याच्या कॉलेजातली मुलं पुण्याहून खराखुरा रोबोट घेऊन येणार, असं त्यांनी संस्थेचे अध्यक्ष सुकलाल अप्पांना सांगून टाकलं होतं. अप्पांनी लगेच पत्रिका छापल्या. 'मुलांना यंत्रमानवाची ओळख व दैनंदिन जीवनातील त्याचे स्थान. चालणारा, बोलणारा यंत्रमानव. सर्वांनी अगत्य येण्याचे करावे.' मग मेव्हण्याचा फोन आला की मुलांची परीक्षा लागली आहे. रोबोट कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली सरांकडे आहे आणि सर सुट्टीवर आहेत.

मुख्याध्यापिका नेवे बाईंनी मला बोलावलं.

"देवरे सर, तुम्ही दरवर्षी गणपतीचं मखर करता ना?"

"करतो."

"तसाच एक रोबोट करा. फक्त गणपतीच्या जागी रोबोट."

मी केला. फ्रिजचं खोकं, वर मिठाईचं खोकं, सगळ्याला चंदेरी बेगड. डोळ्यांच्या जागी चहाच्या दोन गाळण्या, तोंडाच्या जागी रॉकेलचं नरसाळं, हातांना पाण्याचे पाइप आणि पुढे सांडश्या. दिसायला बरा झाला होता. पण पत्रिकेत चालणारा, बोलणारा असं छापलं होतं, आणि छापलेलं खोटं करायचं नाही हा अप्पांचा बाणा.

"कुणीतरी आत बसायला हवं," खैरनार म्हणाले. "मला भाषण आहे."

आम्ही भिकनकडे पाहिलं. भिकन आमचा शिपाई. त्यानं स्वतःच्या पोटाकडे पाहिलं, मग खोक्याकडे, आणि तो घंटा द्यायला निघून गेला. घंटेची वेळ झाली नव्हती.

"देवरे, तुम्ही बारीक आहात," नेवे बाई म्हणाल्या. "आणि तुमचा तास बुडाला तर पालकांची तक्रार येत नाही."

तर असा मी आत गेलो. अप्पांना एवढंच सांगितलं की देवरेंनी शाळेतच यंत्र बनवलंय. कुणी मुलानं मागून उघडू नये म्हणून भिकननं पाठीमागचं दार चिकटपट्टीनं बंद केलं, आणि भिकन कोणतंही काम मनापासून करत असल्यामुळे बरीच चिकटपट्टी लावली.

त्या सकाळी, खोक्यात शिरण्याच्या आधी, शाळेच्या पायऱ्यांवर मला रुचिताची आई भेटली होती. बडगुजरांची पिठाची गिरणी आहे बाजारपेठेत, त्या घरची. रुचिता पहिलीत. जूनपासून ती शाळेत एक शब्द बोलली नव्हती. मुलांशी नाही, बाईंशी नाही, हजेरीलाही नाही. तिची आई रोज मधल्या सुट्टीपर्यंत पायऱ्यांवर बसून राहायची, पोरगी कधी तरी बोललीच तर आपण जवळ असावं म्हणून. सोमवारी सहामाहीची तोंडी परीक्षा होती. नेवे बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की तोंडी दिली नाही, तर दिवाळीनंतर मुलीला जिल्ह्याच्या मूकबधिर शाळेत घाला, तिथे वसतिगृहाची सोय आहे.

"सर, घरी तिची टकळी बंद होत नाही हो," आई म्हणाली. "गिरणीच्या आवाजावर आवाज काढून बोलते. तुम्ही एकदा बाईंना सांगा ना."

"बघतो," मी म्हणालो. शिक्षकाला जिकडे बघायचं नसतं तिथे तो हा शब्द वापरतो.

आता आत उभं राहून मी खरोखरच बघत होतो, दोन गाळण्यांमधून. पहिली रांग पहिलीची. रुचिता कडेला, ओठ घट्ट मिटून. मागे इतर वर्ग, खुर्च्यांवर पाहुणे, दारात पालक, आणि वहीपेन घेतलेला स्थानिक वार्ताहर. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर. माझ्या खोक्यात हवेची ये-जा फक्त नरसाळ्यातून होती.

खैरनारांचं क्रांतीचं झाल्यावर अप्पा पूजेला उठले.

आमच्या शाळेत नवी वस्तू आली की तिची पूजा झाल्याशिवाय तिला कुणी हात लावत नाही. कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्या पडद्यावर स्वस्तिक काढलं होतं, ते जाईपर्यंत त्याच्यातून पाहताना सगळी अक्षरं मंगल दिसायची. यंत्रमानवाची पूजा होणार हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, कारण ते इतकं ठरलेलं होतं.

अप्पांनी कुंकू पाण्यात कालवलं आणि माझ्या कपाळाला ठसठशीत टिळा लावला. कुंकू ओघळलं आणि उजव्या गाळणीत भरलं. माझा एक डोळा गेला. मग झेंडूचा हार आला. तो नरसाळ्यावर बसला. मग अप्पांनी उदबत्त्यांचा जुडगा पेटवून ओवाळला आणि टोचायला जागा शोधली. खांद्याच्या सांध्यात एक फट होती. त्यांनी उदबत्त्या तिथे टोचल्या. पेटलेली टोकं आतल्या बाजूला गेली नाहीत हे नशीब, पण धूर मात्र आतच आला.

शेवटी नारळ. तो त्यांनी माझ्या पायाशी फोडला, आणि पाय पुठ्ठ्याचे असले तरी त्यांच्या आत माझे होते.

मी कळ दाबून धरली. पण धुराचं काही करता येईना. मला शिंक आली. सगळं खोकं हललं आणि हारातून झेंडूच्या पाकळ्या उडाल्या.

पहिली रांग खुदकन हसली, मग सगळं सभागृह.

"खैरनार," अप्पा म्हणाले, "याला शिंक येते?"

"धूळ बाहेर टाकतो तो, अप्पा. आपोआप. नव्या मॉडेलमध्ये ती व्यवस्था आहे."

"वा," अप्पा म्हणाले, आणि वार्ताहरानं ते लिहून घेतलं.

मग खैरनारांनी यंत्रमानवाचं दैनंदिन जीवनातलं स्थान सांगितलं. उद्याच्या जगात तो झाडेल, भांडी घासेल, कपडे धुईल, नळावरून पाणी भरेल. माणसाला कष्ट म्हणून उरणार नाहीत. मुलं शांतपणे ऐकत होती. आमच्या गावची मुलं भविष्यकाळातलं सगळं शांतपणेच ऐकतात.

"आता प्रश्न विचारा. यंत्रमानव स्वतः उत्तर देईल."

चौथीतला एक मुलगा उठला. "नळाला पाणीच आलं नाही तर हा काय भरेल?"

मी नाकात आवाज काढून, शब्द तोडत म्हणालो, "मी. वाट. बघेन."

"ते तर आमची आजी पण करते," मुलगा म्हणाला आणि खाली बसला.

तिसरीतली मुलगी. "तू जेवतोस का?"

"नाही."

"मग काम करून घरी आल्यावर काय करतोस?"

"बंद. होतो."

"आमचे पप्पा पण," ती म्हणाली. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. दारातल्या पालकांमध्ये एक माणूस उगाच दुसरीकडे बघू लागला.

आणखी एक उठला. "गृहपाठ यानं केला तर मार कुणी खायचा?"

याचं उत्तर खैरनारांनी दिलं. ते बराच वेळ देत होते. त्यानंतर पहिलीतल्या एका बारक्यानं विचारलं, "तू दमतोस का रे?"

गाळणीतून घाम टपटपत होता, गुडघ्यांना रग लागली होती, आणि मला नोकरीत लागल्यापासून हे कुणी विचारलं नव्हतं. मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं.

"यंत्रमानव दमत नाही," खैरनार म्हणाले.

"दमत. नाही," मी म्हणालो.

कार्यक्रम झाला. अप्पा इतके खूश झाले की त्यांनी यंत्रमानव दुपारपर्यंत मंचावर ठेवायला सांगितला, फोटोग्राफर यायचा होता. पाहुणे ऑफिसात पोहे खायला गेले. पोह्यांचा वास बराच वेळ माझ्या आसपास रेंगाळला. पहिलीच्या मुलांनी सभागृहातच डबे खाल्ले, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला नेमलेला भिकन 'आलोच' म्हणून चहाला गेला. मी नरसाळ्यातून "भिकन, भिकन" केलं, पण हारातून आवाज जेमतेम बाहेर पडला; रुचितानं तेवढी मान वर केली. मुलं डबे मिटून मैदानावर पळाली.

रुचिता राहिली.

ती मंचावर चढली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. दाराकडे पाहिलं, कुणी नव्हतं. मग तिनं हार बाजूला करून नरसाळ्यात तोंड घातलं.

"तुनं नाव काय शे?"

मी दचकलो. एक तर रुचिता बडगुजर बोलली होती. दुसरं म्हणजे अहिराणी बोलली होती. अहिराणी आमच्याकडे घरात बोलतात, शेतात बोलतात, भांडताना तर बोलतातच. शाळेच्या फाटकात मात्र ती चपलांसारखी बाहेर काढून ठेवायची. माझी आईही तीच बोलायची. ती गेल्यापासून माझ्याशी त्या बोलीत कुणी बोललं नव्हतं.

यंत्रमानवी मराठी मला तिथे सुचेना.

"माले नाव नही," मी म्हणालो.

तिला आश्चर्य वाटलं नाही. यंत्रमानव अहिराणीच बोलत असणार असं ती धरूनच चालली होती बहुतेक.

"जेवना का तू?"

"नही."

"मनी माय म्हनस, बिनजेवता राहू नये," ती म्हणाली, आणि तिथून जी सुटली ती थांबेना. तिच्या आईनं सांगितलं होतं ते खरं होतं. गिरणीचा पट्टा कसा तुटला. बाप कसा पांढरा होऊन घरी येतो आणि मांजर त्याला ओळखत नाही. धाकटा भाऊ माती खातो, ते तिनं कुणाला सांगितलेलं नाही. गिरणीत सगळे मोठ्यानं बोलतात, म्हणून ती मोठ्यानं बोलते. तिच्या बोलण्याला गिरणीसारखाच एक ताल होता आणि मी उभ्या उभ्या त्यात झोपी जातो की काय असं मला वाटू लागलं. झोप नव्हती ती. फार दिवसांनी बरं वाटत होतं.

मग ती थांबली आणि तिनं आवाज खाली आणला.

"कोणी हसस का तुले?"

"आज सकायपासून सगया हसी राहिनात."

"माले बी हसनात," ती म्हणाली.

ते असं झालं होतं. शाळेच्या पहिल्या दिवशी बाईंनी हजेरी घेतली. तिचं नाव घेतलं. 'हजर' म्हणायचं असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "मी आठेच शे." म्हणजे मी इथेच आहे. वर्ग हसला. बाईही हसल्या, आणि तिला उभं करून पुन्हा म्हणायला लावलं, वर्ग पुन्हा हसला. बस, एवढंच. ती खाली बसली, तिनं तोंड मिटलं, आणि जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ते उघडलं नाही.

"सगया हसतस, मग तू काबर बोलस?" तिनं विचारलं.

खरं उत्तर पगारासाठी असं होतं, पण यंत्रमानवाला पगार नसतो.

"बटन दाबतस म्हनीसन," मी म्हणालो.

तिनं यावर विचार केला. "माले बटन नही," ती म्हणाली.

मला काहीतरी सांगायला हवं होतं. शिक्षक असतो तर सांगितलंही असतं, चांगलं दोन-तीन वाक्यांचं. पण मी खोक्यात होतो. मी म्हणालो, "ते बरं शे." आणि ती हसली, मोठ्यानं, गिरणीत हसतात तसं.

त्याच वेळी दारात कुणीतरी म्हणालं, "अरे, ही बडगुजरची पोरगी बोलतेय."

सगळेच आले होते. अप्पा, नेवे बाई, खैरनार, पोहे खाल्लेला वार्ताहर, कॅमेरा गळ्यात घेतलेला फोटोग्राफर, आणि सगळ्यांच्या मागे, गर्दीतून वाट काढत रुचिताची आई. रुचितानं तोंड नरसाळ्यातून बाहेर काढलं आणि मिटलं.

"पाहिलंत ना?" अप्पांबरोबर मंचावर चढता चढता खैरनारांना गहिवर आला होता. "जे भल्याभल्या शिक्षकांना जमलं नाही ते यंत्रमानवानं केलं. यालाच मी क्रांती म्हणतो."

"मुकी पोर बोलती झाली," अप्पा म्हणाले. "लिहा हो तुम्ही, लिहा. संस्थेतर्फे प्रत्येक वर्गात एक यंत्रमानव देऊ. देवरे कुठे आहेत? त्यांना सांगा, आणखी करायचे आहेत."

देवरे कुठे आहेत याचं उत्तर द्यायला कुणी उत्सुक दिसलं नाही.

"मग बाई, तोंडी परीक्षा झालीच म्हणायची की हिची," अप्पा म्हणाले. "पुढे ठेवा शाळेत."

रुचिताच्या आईनं पदर तोंडाशी धरला.

नेवे बाई वाईट नव्हत्या. नियमानं चालणाऱ्या होत्या. खोक्यात कोण आहे हे त्यांना चांगलं माहीत होतं, आणि वार्ताहराच्या देखत ते त्यांना माहीत असणं शक्य नव्हतं. त्यांची ती अडचण मला डाव्या गाळणीतूनही दिसत होती.

"आनंदच आहे, अप्पा," त्या म्हणाल्या. "पण तोंडी परीक्षा शिक्षकासमोर असते. यंत्राशी बोललेलं कसं धरणार? उद्या वरून तपासणी आली तर मी काय दाखवू? माणसाशी बोलली पाहिजे. एक वाक्य बोलू दे. मग मी काही म्हणत नाही."

"एवढंच ना? बोलेल की. बोल बेटा," अप्पा म्हणाले.

रुचिता बोलली नाही.

"अप्पांना नमस्कार म्हण," खैरनार म्हणाले. "यंत्रमानवाशी काय बोललीस ते आम्हाला सांग. बरं, नुसतं 'धन्यवाद' म्हण."

ती पायाच्या बोटांकडे बघत होती. फोटोग्राफरनं कॅमेरा वर केला, पुन्हा खाली केला.

"बोल ना वो माय," तिची आई म्हणाली. "एक शब्द बोल. नाही तर दूर ठेवतील तुला."

आता मला काय करायचं आहे ते मला कळत होतं. आत मी आहे, मी शिक्षक आहे, ही मुलगी मघापासून माझ्याशीच बोलतेय, एवढं नरसाळ्यातून सांगितलं की पोरगी शाळेत राहिली असती. मग खैरनार गेले असते, मी गेलो असतो, पत्रिका खोटी ठरली असती आणि संस्थेची शोभा पेपरात आली असती. मी हिंमत गोळा करायला लागलो. त्या वयात ती एका जागी ठेवलेली नसते, इकडून तिकडून शोधून आणावी लागते. बरीचशी गोळा झाली होती. मी घसाही खाकरला.

"धूळ टाकतोय," अप्पांनी वार्ताहराला समजावलं.

तेवढ्यात रुचिता हलली. अप्पांच्या समोरून, खैरनारांच्या बाजूनं, ती मंचावरून खाली उतरते की काय असं वाटलं. पण ती उतरली नाही. ती माझ्या बाजूनं मागे गेली. गाळण्या पुढे असल्यामुळे मला ती दिसेनाशी झाली. समोर सगळ्यांच्या माना मात्र तिच्यामागे वळत गेल्या.

माझ्या पाठीवर, भिकनच्या चिकटपट्टीवर, दोनदा टकटक झाली. मग फटीशी तिच्या पाण्याच्या बाटलीचं घट्ट झाकण लावलेलं तोंड टेकलं, आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा गिरणीवरच्या आवाजात ती म्हणाली,

"देवरे सर, इतलं झाकन उघाडी द्या ना."